वर मिळेल, पण किंमत कोण मोजणार?

देव प्रसन्न होऊन ‘एकच वर माग’ म्हणाला, तर काय मागावे? आंधळ्या, गरीब, निपुत्रिक म्हाताऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्याने मागितले, ‘माझ्या नातवाला सोन्याच्या वाटीत दूधभात खाताना मला या डोळ्यांनी पाहू दे.’ एका वाक्यात दृष्टी आली, संपत्ती आली, मुलगा, सून, नातू आले आणि ते सारे पाहण्याइतके आयुष्यही आले. म्हाताऱ्याच्या हुशारीचे आपण कौतुक करतो आणि गोष्ट संपते.

खऱ्या आयुष्यात मात्र देव इतका भोळा नसतो. तिथे एका हाताने घेताना दुसऱ्या हाताने काहीतरी द्यावे लागते. बढती मिळते, पण गाव सुटते. मुलगा परदेशी जातो, पण घर रिकामे होते. म्हणूनच ज्या गोष्टींत वराबरोबर किंमतही सांगितलेली असते, त्या मनातून लवकर जात नाहीत. ययातीला तारुण्य परत मिळते, पण ते मुलाचे असते. अश्वत्थामा मरत नाही, पण त्याची जखमही भरत नाही. कर्णाला अमोघ शक्ती मिळते, पण कवचकुंडले अंगावरून उतरवून द्यावी लागतात, आणि ती शक्तीही एकदाच वापरता येते.

दिल्लीच्या मयूर विहारमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने गेल्या उन्हाळ्यात अशा गोष्टींचा एक खेळच करून टाकला. खेळ म्हणून सुरू झालेली ही गंमत पुढे घरातल्या एका अवघड निर्णयापर्यंत जाऊन पोहोचली.

पळवाट चालणार नाही

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मूळचे कराडचे. केंद्र सरकारच्या लेखा विभागात सारी नोकरी झाली, त्यामुळे जमा आणि नावे या दोन शब्दांवर त्यांची भारी श्रद्धा. सरकारी क्वार्टरमधून 1986 साली ते मयूर विहार फेज एकमधल्या डीडीएच्या फ्लॅटमध्ये आले. तेव्हा यमुनेपलीकडचा हा भाग दिल्लीच्या मंडळींना फार लांबचा वाटे. पुढे 2009 मध्ये मेट्रो आली आणि ‘जमनापार’ म्हणून नाक मुरडणारेही इथे घर शोधू लागले. आजींचे माहेर शहाद्याचे. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे फिरणे घरापुरतेच उरले आहे. मुलगा आणि सून इंदिरापुरमला राहतात. मुलगी मात्र आईवडिलांजवळच आहे. ती त्रेचाळीस वर्षांची, अविवाहित, नोएडातल्या एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि अकरावीतली नात आजी-आजोबांकडे राहायला आली. बाहेर लू चाललेली, खिडकीत कूलरची घरघर आणि संध्याकाळी सातपर्यंत गॅलरीत पाऊल टाकण्याची सोय नाही. अशा वेळी तिने हा ‘समजा’चा खेळ काढला. आपल्या आवडत्या गोष्टीतले जग निवडायचे, त्यातले एक सुख मागायचे आणि त्याबरोबर एक किंमत लावून दुसऱ्यापुढे ठेवायची. त्याने ‘घेतो’ किंवा ‘नको’ एवढेच सांगायचे, मग कारण द्यायचे. सोन्याच्या वाटीतल्या दूधभातासारखी पळवाट काढायला बंदी. शिवाय ज्याने प्रश्न विचारला, त्यालाही शेवटी स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागे.

हा शेवटचा नियम आजोबांनी सुचवला. ‘नुसते प्रश्न विचारणारे फार असतात,’ असे त्यांचे म्हणणे.

नातीचे जग अर्थातच हॅरी पॉटरचे. पहिला प्रश्न तिनेच टाकला. ‘समजा, हॉगवर्ट्‌समध्ये सात वर्षं शिकायला मिळेल. पण तेवढा काळ घरातल्या कुणालाही तुम्ही आठवणार नाही. जाल?’ हा प्रश्न तिने अगदीच हवेतून काढला नव्हता. 2007 साली आलेल्या त्या मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात हर्मायनी आपल्या आईवडिलांच्या जिवाला धोका नको म्हणून त्यांच्या स्मरणातून स्वतःला पुसून टाकते. मुलीने केलेला त्याग म्हणून वाचणारे हळहळतात. पण आपल्याला एक मुलगी होती, हेच विसरलेल्या त्या दोघांना कुणी विचारलेले नसते.

आजींनी एवढे सगळे वाचले नव्हते. त्यांनी सरळ विचारले, ‘विसरणार म्हणजे? मग तुझ्यासाठी केलेले लाडू मी कुणाचे समजून डब्यात ठेवू?’

सगळे हसले. नातीने मात्र ‘मी जाईन’ असे आधी ठरवलेले उत्तर दुसऱ्या दिवशी बदलले. सात वर्षे जादू शिकण्याची तिची तयारी होती. परत आल्यावर दार उघडून आजी ‘कोण पाहिजे?’ म्हणेल, हे मात्र तिला चालणार नव्हते.

न भरणारी जखम

आजींची पाळी आली तेव्हा नातीने त्यांच्यापुढे अमरत्व ठेवले. ‘मरण नाही, पण दुखणीही जाणार नाहीत. घेशील?’

आजींनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. ‘नको गं बाई. आमच्याकडे अश्वत्थामा आहे ना, त्याला विचार.’

‘आमच्याकडे’ म्हणजे सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक, त्यांत आदिवासी बांधव मोठ्या संख्येने, डोंगर चढून जातात. महाभारतात अश्वत्थाम्याने झोपेतल्या द्रौपदीपुत्रांना मारले, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. त्याची शिक्षा म्हणून त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेण्यात आला आणि तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप मिळाला. लोककथा म्हणते, तो अजूनही सातपुड्याच्या रानात फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाटही दाखवतो.

‘लहानपणी आम्हाला त्याची भीती वाटायची,’ आजी म्हणाल्या. ‘आता गुडघे दुखतात तेव्हा कीव येते. मला निदान तेल चोळायला माणूस आहे.’

हे बोलताना त्यांनी मुलीकडे पाहिलेही नाही. ते तेल रोज रात्री कोण चोळते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. जे रोजचे असते, ते कुणी मुद्दाम बोलून दाखवत नाही.

आजोबांना नातीने पॉटरच्याच पहिल्या पुस्तकातला आरसा देऊ केला. त्या आरशात माणसाला आपले रूप दिसत नाही, मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. पोरक्या हॅरीला त्यात आपले आईवडील शेजारी उभे दिसतात. किंमत एवढीच, की त्यापुढे बसून माणसे जगायचे विसरतात. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 साली असाच प्रश्न एका यंत्राच्या रूपाने विचारला होता. हवे ते सारे सुख अनुभवायला देणारे यंत्र असेल, त्यात शिरल्यावर ते खोटे आहे हेही कळणार नसेल, तर तुम्ही त्याला स्वतःला जोडून घ्याल का? नोझिक यांचे म्हणणे असे, की बहुतेकांना ते नको वाटेल, कारण माणसाला नुसता अनुभव नको असतो, गोष्टी खरोखर करायच्या असतात.

आजोबांनी आरसा नाकारला, पण त्यांचे कारण वेगळे होते. ‘आरशात मला कराडचा वाडा दिसेल. संगमावरचा घाट दिसेल. मग इथल्या चहाची चव जाईल. अन् चहा तर इथेच प्यायचाय.’

पैसे दुसऱ्याच्या खिशातले

आठवडाभरात खेळ रंगला. रविवारी इंदिरापुरमहून मुलगा-सून आले, की तेही सामील होत. सुनेने इंग्रजी लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘माकडाचा पंजा’ ही 1902 सालची कथा सांगितली. हिंदुस्थानातून परतलेला एक सैनिक फकिराने मंतरलेला वाळका पंजा विलायतेत घेऊन येतो. तो तीन इच्छा पुऱ्या करतो. एक म्हातारा जोडप्याच्या घरासाठी दोनशे पौंड मागतो. पैसे येतात, अगदी दोनशेच. कारखान्यातल्या यंत्रात सापडून त्यांचा एकुलता एक मुलगा मरण पावतो आणि कंपनी भरपाई म्हणून ती रक्कम पाठवते.

‘यात बापाची चूक काय?’ मुलाने विचारले. ‘त्याला थोडंच ठाऊक होतं?’

‘चूक एवढीच,’ सून म्हणाली, ‘की पैसे कुणाच्या खिशातून येणार, हे त्यानं विचारलं नाही.’

इथून खेळाला वेगळेच वळण लागले. तोपर्यंत प्रत्येक जण स्वतः काय गमावणार, याचाच हिशेब करत होता. आता प्रश्न उभा राहिला, सुख मला आणि किंमत दुसऱ्याला, असे असेल तर?

आजोबांना हे सांगायला ययातीपेक्षा चांगली गोष्ट कोणती मिळणार? वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला 1974 चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ. दिल्लीतल्या मराठी माणसांना तेव्हा झालेला आनंद आजोबांना आजही आठवतो. त्यांची प्रत इतकी जुनी, की पाने शिवून घ्यावी लागली आहेत. नातीला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून रात्री जेवणानंतर ते तिला मोठ्याने वाचून दाखवू लागले.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण येते. कुणी आपले तारुण्य दिले तर ते घेता येईल, एवढी सवलत मिळते. तो आपल्या मुलांपुढे एकेक करून पदर पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू, चौघेही नाही म्हणतात. धाकटा पुरू हो म्हणतो. उपभोगाने तृप्ती येत नाही हे कळल्यावर ययाती तारुण्य परत करतो आणि पुरूला राज्य मिळते. गिरीश कर्नाड यांनी 1961 साली कन्नडमध्ये याच विषयावर नाटक लिहिले, तेव्हा पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला रंगमंचावर आणले. पुरूने त्याग केला, पण त्याची नवी नवरी एका रात्रीत म्हाताऱ्याची बायको झाली. तिला कुणी विचारलेच नव्हते. नाटकात ती जीव देते.

हे ऐकून नातीने, तिच्या वयाला शोभेल अशा सरळपणाने, पुढचा प्रश्न ठेवला. ‘आजोबा, समजा, तुम्हाला आत्याची वर्षं मिळाली, तर घ्याल?’

मागावे कुठे लागते?

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

‘मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही,’ आजोबा म्हणाले.

‘अहो, मागावं कुठे लागतं?’ आजी हळूच म्हणाल्या. ‘न मागताच मिळत गेलं, म्हणून तर आपल्याला कळलं नाही.’

आत्याने घड्या बाजूला ठेवल्या. ‘आई, मला पुरू करू नका. पुरूला शेवटी राज्य मिळालं. मला काय मिळणार, या फ्लॅटचा मेंटेनन्स?’ तिने हसायचा प्रयत्न केला. ‘आणि मला कुणी शाप दिलेला नाही. मी इथे राहते, कारण मला राहावंसं वाटतं.’

‘नेहमीच?’ भावाने विचारले.

या एका शब्दाने अडलेली गोष्ट बाहेर आली. तिच्या कंपनीचे हैदराबादला नवे कार्यालय उघडत होते. त्याची जबाबदारी दोन वर्षांसाठी तिला देऊ केली होती. पत्र येऊन बारा दिवस झाले होते. नकाराचे उत्तर तिने लिहूनही ठेवले होते, फक्त पाठवले नव्हते. चार वर्षांपूर्वी, आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, अशीच एक संधी तिने नाकारली होती. ते तर घरात कुणाला माहीतच नव्हते.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे तू मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही जा म्हणाला असता, बाबा. अन् मग मला खरंच ठरवावं लागलं असतं.’

हे उत्तर प्रामाणिक होते. त्याग करणारा माणूस नेहमीच दुसऱ्याच्या सक्तीने करतो असे नाही. कधी कधी त्याला त्यागाचा आधारही वाटतो. नवे शहर, नवी माणसे, कदाचित अपयश, या सगळ्यांपेक्षा ‘घरच्यांसाठी राहिले’ हे कारण सोपे असते. आत्याच्या मनात दोन्ही होते आणि कोणते किती, हे तिलाही सांगता येत नव्हते.

जमा आणि नावे

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी एक फुलस्केप कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. चाळीस वर्षे सरकारचा हिशेब तपासला, घरचा कधी तपासला नाही, असे म्हणत त्यांनी मुलीला समोर बसवले. ती दिवसभरात या घरासाठी काय काय करते, ते लिहायचे ठरले. सकाळची औषधे, दुपारच्या जेवणाची तयारी, विजेचे बिल, बँक, दवाखान्यात नंबर लावणे, कामवालीचे खाडे, रात्रीचे तेल, मध्यरात्री आईला उठवून नेणे. यादी सतरा कामांवर गेली. प्रत्येक कामापुढे ‘नावे’च्या खान्यात एकच नाव होते.

मग रविवारी सगळ्यांनी मिळून त्या कागदावर दुसरी नावे लिहिली. दवाखाना मुलाकडे गेला. बँक आणि बिले आजोबांनी स्वतःकडे घेतली. सुनेने औषधांचे डबे आठवड्याचे भरून ठेवण्याचे कबूल केले. दिवसभरासाठी एक मदतनीस बाई ठेवायची आणि तिचा पगार दोन्ही भावंडांनी अर्धा-अर्धा द्यायचा ठरला. सतरापैकी तीन कामांपुढे मात्र कुणाचेच नाव लिहिता आले नाही. त्यांतले एक रात्रीचे होते.

‘हे माझ्या नावे लिहा,’ आजी म्हणाल्या. ‘हिची दोन वर्षं घेण्यापेक्षा रात्री काठी घेऊन उठायचं मी शिकेन.’

आत्या ऑगस्टमध्ये हैदराबादला गेली. पुढचे सारे सुरळीत झाले असे कुणी समजू नये. पहिली बाई तीन आठवड्यांत सोडून गेली. मुलाचे कार्यालय आणि दवाखान्याची वेळ जुळेना. आजोबांनी दोनदा दूध उतू घालवले. आजी रात्री उठायला शिकल्या, पण पुन्हा झोप लागत नाही म्हणून पहाटेपर्यंत जागत राहतात. आत्यालाही हे फुकट मिळालेले नाही. काम तिला आवडते आहे, मात्र रात्री घरी आल्यावर ‘जेवलीस का?’ असे विचारणारे कुणी नाही. तिचा फोन रोज साडेनऊला येतो आणि तो याच प्रश्नाने सुरू होतो. विचारते कोण आणि उत्तर देते कोण, हे मात्र आता रोज बदलते. दोन वर्षांनी ती परत येईल की नाही, हे अजून ठरलेले नाही.

किंमत नाहीशी झालेली नाही. ती वाटली गेली आहे आणि कुणाच्या वाट्याला किती आली, हे आता सर्वांना माहीत आहे.

खेळ असा खेळून पाहा

घरोघरी असे काही प्रश्न असतात, जे सरळ विचारले तर भांडण होते आणि न विचारले तर आत साचत राहतात. सासऱ्यांनी गावचे घर विकायचे का, मुलीने दूरच्या शहरात शिकायला जायचे का, आईने नोकरी सोडायची का? अशा वेळी गोष्टीचा आडोसा उपयोगी पडतो. ‘तू माझ्यासाठी किती सोसलंस?’ हे बापाला विचारणे कठीण जाते. ‘पुरूने बरोबर केलं का?’ हे तो सहज विचारू शकतो. मुले तर गोष्टींच्या जगात मोठ्यांपेक्षा निर्भय असतात.

मात्र खेळताना चार प्रश्न विसरू नयेत. यातून मिळणार काय? किंमत कोण मोजणार? त्याला विचारले आहे का? आणि चुकले तर परत फिरता येईल का? ययातीने तारुण्य परत केले, म्हणून पुरू निदान पुन्हा तरुण झाला. कर्णाची शक्ती घटोत्कचावर खर्च झाली, ती परत आली नाही. हैदराबादहून परत येता येते. गेलेली चार वर्षे परत येत नाहीत. ज्या निवडीत माघार घेता येते, तिला इतके भ्यायचे कारण नसते. जिच्यात माघार नाही, तिच्यापुढे मात्र रात्रभर थांबलेले बरे.

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी 1973 साली ओमेलास नावाच्या एका सुखी नगराची कथा लिहिली. त्या नगराचे सारे वैभव तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या दुःखावर उभे आहे आणि हे तिथल्या सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक जण हळहळतात आणि राहतात. काही मात्र एक दिवस नगर सोडून निघून जातात. कथा तिथेच थांबते. आपल्या घरांची गोष्ट सुदैवाने एवढी भयंकर नसते. घरात तळघर नसते, कोंडलेले मूलही नसते. पण सगळ्यांच्या आधी उठणारे आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारे एक माणूस बहुतेक घरांत असते. त्याला ‘तुला काय हवं होतं?’ असे विचारायला कोणताही देव प्रसन्न व्हावा लागत नाही.